टॉलरन्स

उद्यमबागेत दुसरी पाळी.
ड्रॉइंगवर नाव नाही, नुसता नंबर,
आणि कोपऱ्यात: अधिक-उणे पाच मायक्रॉन.
हे कशात बसतं, विचारायचं नाही.
शेजारच्या मशीनवरची रेणव्वा म्हणते, ड्रोनमध्ये.
सुपरवायझर म्हणतो, पंपात. आणि हसतो.

भुजंगमामा सव्वीस वर्षं पलटणीत होते.
त्यांची रायफल थंडीत अडायची.
मग बोल्टवर फुंकर, तळहाताची ऊब,
एक कचकचीत शिवी.
'बंदुकीलाबी समजवायला लागायचं बघ,'
सांगतात, उजवा कान माझ्याकडं करून.
डावा तिकडंच राहिला.

त्यांचा संतू चार वर्षांच्या बोलीवर गेलाय.
फोनवर म्हणतो, समोर पडदा असतोय आबा,
ठिपका हलला की कळवायचं.
'ठिपका म्हंजे कोण?'
रेंज जाते.

कूलंटचं दूध अंगावर उडतं.
तुकडा पुसतो, गेज लावतो.
सहा.
तम्मण्णा लाल खूण करतो: 'आगल्ल.'
पाटीवरच्या एका अक्षराला
या गावात ना त्यांनी टॉलरन्स दिला, ना आम्ही;
इथं मात्र दोघांची डोकी
एकाच काट्यावर वाकलेली.

रात्री मुचंडीत मामांना सांगितलं,
एका मायक्रॉनसाठी फेकला.
ते बराच वेळ अडकित्ता नुसता उघडत-मिटत राहिले.
'एकदा अडली होती माझी,' म्हणाले,
'तेवढ्यात तो ओढा ओलांडून गेला.
पोरगंच होतं.
कुणाला सांगू नको.'