सोळा वेगळ्या

कारखान्याच्या पासबुकात, मागच्या कोऱ्या पानावर
अम्मानं नानकटाई लिहून ठेवली होती.
पुढच्या पानांवर विड्यांचा हिशेब:
हजार, हजार, आठशे,
ताप होता त्या दिवशी चारशे.
अक्षर तेलुगू. मी शिकले मराठी शाळेत.
मला त्यातले नुसते आकडे कळत.

दिवाळीला चार दिवस उरले की
पाच्छा पेठेतून डोक्यावर डबा घेऊन निघायचो,
मैदा, पिठीसाखर, मूठभर रवा, बेसन,
आणि तूप म्हणून वनस्पती, तेही उधारीचं.
खुर्शीदभाईंच्या भट्टीवर नंबर लागायचा रात्री दोनला.
पत्रे सगळ्यांचे सारखेच,
म्हणून बायका आपापली खूण ठेवत:
कुणी खिळा, कुणी फुटकी हिरवी बांगडी,
एकीनं तर नवऱ्याचा गिरणीतला बिल्ला.
अम्माची खूण कात्रीची, पान कापायच्या.
प्रत्येक गोळ्यावर टोकांचे दोन ठिपके.
भाजून फुगली की
प्रत्येक नानकटाई आमच्याकडे बघतेय असं वाटे.

घरी आल्यावर ती पंचवीस-पंचवीस मोजायची,
विड्यांच्या कट्ट्यासारख्या.
तिच्या हाताला दुसरी मोजणी येतच नव्हती.
दोरा तेवढा गुंडाळायचा राहायचा.

यंदा मी छोटा ओव्हन घेतला
आणि पासबुक घेऊन अंजव्वा कोडमकडे गेले.
तिनं आपला चष्मा शोधला, सापडेना,
मग नातीचा लावला
आणि बोट ठेवून वाचत गेली:
पिंडी दोन शेर. नेय्यि एक शेर.
दही बोटभरच, जास्त झालं तर पसरतात.
शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.
"यालकुलु लेकुंडा, पदहारु."
म्हणजे?
"म्हणजे बिनवेलचीच्या, सोळा. वेगळ्या."
कुणासाठी?
अंजव्वानं पान उलटून पाहिलं,
जसं काही नाव पाठीमागून दिसणार होतं.
"तुझी अम्मा बोलायची कुठं. गुमान करायची."

आमच्यात वेलची न खाणारं कुणीच नव्हतं.
नाना तर चहातली सालं चघळायचे.
आणि सोळा कुठल्याच कट्ट्यात बसत नाही.
भट्टीवरून परतताना, कन्ना चौकाच्या अलीकडच्या वळणावर
"तुम्ही पुढं व्हा" म्हणायची, एवढं आठवतं.
मला वाटायचं, चप्पल तुटली असेल.
दर वर्षी, त्याच जागी.

काल भाजल्या. पहिला पत्रा करपला.
दुसऱ्याला दशरथ आला, उभ्यानंच खाल्ली,
म्हणाला, "चांगली झालीय. पण तशी नाही."
मी काही बोलले नाही.
चिंचेनं, राखेनं, लिंबाच्या सालीनं
कितीही घासलं तरी तिच्या बोटांना जर्दा राहायचा.
पहिल्या घासाला जिभेच्या मागं किंचित कडू,
मग साखर.
आम्हाला वाटायचं, नानकटाई अशीच लागते सगळ्यांची.
ते काही पासबुकात लिहिलेलं नाही.

सोळा वेगळ्या ताटलीत आहेत,
वरून आपल्याच मागावरचा नॅपकिन.
उद्या त्या वळणापर्यंत जाऊन येईन.
तिथं आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालंय,
पोरगा ओळखीचा नाही.
घरात वेलची चालत नाही असं
म्हातारं कुणी आहे का रे,
एवढंच विचारायचं.