बेचक्यात

हात पालथा कर, जंगू. आता बोटं फाक.
इथं, बेचक्यात,
नखाच्या ओरखड्याएवढी राखाडी रेघ दिसते ना,
ती त्या किड्याची पायवाट.
तो डोळ्याला दिसत नाही, रात्रीच चालतो.
जंगू म्हणतो, माझा बाप बी
जागलीला रात्रीच जातो.

किनवटच्या दवाखान्यातून अकरा बाटल्या मिळाल्या.
पोडावर घरं एकोणीस.
एसटीत मी तीनदा हिशेब केला,
तिन्ही वेळा अकराच.

मानेपासून तळपायापर्यंत लावायचं,
घरातल्या सगळ्यांनी, एकाच रात्री,
खाजत नाही त्यांनीसुद्धा.
भीमबाई अंग चोरते.
मला काय झालंय? लेकराला पुरू दे.
तिला कसं सांगू,
तू वाचवलेल्या औषधाच्या जागेतूनच
तो पुन्हा जंगूकडे चालत जाईल.
एक वाकळ, खाली सहा जणं.
थंडीला तेवढाच आडोसा,
किड्याला तेवढाच रस्ता.

दवाखान्याच्या भिंतीवर
एक गुबगुबीत लेकरू साबणाच्या फेसात हसत असतं.
इथं टाकी आहे, तोटी आहे,
पाणी सोमवारी.
म्हणून मी धुवा म्हटलं नाही.
म्हटलं, वाकळी मेणकापडात गुंडाळा,
सुतळीनं आवळा, तीन दिवस उघडू नका.
उपाशी मरतात ते.
मागून कुणीतरी विचारलं,
आणि तीन रात्री आम्ही काय पांघरायचं?

प्रशिक्षणात हे नव्हतं.

लच्चू आत्राम उठला, लाकडं ओढत आणली.
अकरा बाटल्यांत चार घरं बसली.
चार घरांची माणसं अंगणात,
शेकोटीपासून हातभर लांब,
औषधानं चकाकणारी,
एकमेकांच्या पाठीला हात न पोचलेली जागा दाखवत.
भीमबाईनंही पाठ पुढं केली, शेवटी,
कुणाकडे न बघता.
पंधरा घरं आपापल्या दारांतून बघत होती.
वहीत मी लिहिलं: मागणी, चाळीस बाटल्या.
मागच्या पानावरही तेच लिहिलेलं होतं.

शाळेत जंगूला वेगळ्या पोत्यावर बसवतात.
गुरुजींना भेटायचं आहे, सोमवारी,
पाणी भरून झालं की.

सकाळी निघताना जंगू आडवा आला.
आशाबाई, हात पालथा कर.
बोटं फाक.
दिवाळीपासून खाजतंय मला,
बोलले नव्हते कुणाजवळ.
तो वाकला, डोळे बारीक केले,
माझंच बोट धरून
रेघेवरून हळूच नख फिरवलं,
आणि रिकाम्या बाटल्यांच्या पिशवीकडे
बघत राहिला.