नग : एक

फैजपूरच्या कॉलेजात प्राणीशास्त्राच्या कपाटाची किल्ली
एकवीस वर्षं माझ्या कमरेला.
वरच्या खणात काचेची पेटी, डांबराच्या गोळ्या,
आणि मधोमध टाचणीवर तो भुंगेरा.
जुन्या तांब्याच्या गडव्याचा रंग,
कडेनं हिरवट कळंक चढलेला.

रुबाब तडवीनं आणून दिला, पालच्या बाजूचा.
अंजनाचं वठलेलं खोड फोडताना निघाला म्हणे,
कुऱ्हाड अर्ध्या बोटानं चुकली.
नंतर चार साहेब आले,
विजेऱ्या घेऊन रात्रभर फिरले,
दुसरा काही सापडला नाही.
याला म्हातारंच झाड लागतं,
आतून पोकळ, तरी उभं.
तशी किती उरली ते वखारवाल्याला विचारा.

चतुराचं तसं नाही.
ठिबकची नळी गळाली,
केळीच्या दांडात हातभर पाणी साचलं,
की त्याचा संसार मांडून झाला.
भादव्यात मैदानावर एवढे येतात
की व्हॉलीबॉलची पोरं तोंड मिटून खेळतात.
झोपे सर सांगायचे, हा समुद्र ओलांडून जातो, पार आफ्रिकेपर्यंत.
आम्ही त्याच्या शेपटीला दोरा बांधून
तापीसुद्धा ओलांडू दिली नाही.

परवा पहिल्या वर्षाची एक मुलगी आली, हेमांगी फिरके.
जर्नलात दोन चित्रं काढायची होती.
भुंगेऱ्यापुढे तासभर बसली,
पायावरचे काटेसुद्धा मोजले.
मग म्हणाली, काका, आता चतुर द्या.

तिन्ही खण उपसले.
बरणीत घोणस होती, विंचू होता,
दोन तोंडांचं करडूही होतं.
चतुर नव्हता.
रजिस्टर पहिल्या पानापासून चाळलं,
कोणी लिहिलाच नव्हता.
कोण लिहिणार? खिडकी उघडली की तोच.

खिडकी उघडली.
कुंपणाच्या तारेवर एक बसला,
उडाला, फिरून त्याच जागी बसला.
धरून देता का? ती म्हणाली.
हात पुढे गेला, तसा बोटाला
जुना दोरा आठवला.
म्हटलं, इथूनच काढ. उडाला तर थांब, येतो तो.

ती गेल्यावर पेन्सिलीनं नोंद केली.
नाव : चतुर.
स्थळ : मागची तार.
नग,
या रकान्यापाशी बराच वेळ बसलो.
बाहेर अंधारलं, तारेवरचा दिसेना.
मग तारीख तेवढी घातली
आणि कपाट लावून घेतलं.