इन्सुलिनच्या शेजारी

मे महिन्यात फैजपूरला
खरं चॉकलेट फक्त आमच्याकडे मिळतं,
औषधांच्या दुकानात. कारण फ्रीज आमचा.
वर इन्सुलिन, धनुर्वाताची इंजेक्शनं,
खाली दारापाशी चॉकलेटं.
जळगावचा एजंट होळीनंतर फिरकत नाही.
म्हणतो, सत्तेचाळीस डिग्रीत माल विकू की सरबत?

तशी गावात चॉकलेटं बारमाही.
संत्र्याची गोळी चॉकलेट, पेपरमिंट चॉकलेट,
कागदात पिळून बांधलं की झालं चॉकलेट.
रुपया सुटा नसला की मीही बरणीत हात घालते,
आणि माझा तो रुपया
संध्याकाळी कुणाच्या तरी रडण्यावर खर्च होतो.

इच्छाराम फेगड्यांना एकदा समजावत होते,
ते केळीचे जुने व्यापारी, साखर तीनशेच्या घरात:
काका, हे एका झाडाचं बी.
फळ फणसासारखं थेट खोडाला लागतं.
बी आंबवायचं, वाळवायचं, भाजायचं, दळायचं.
"गोड?"
नाही, कडू. साखर मागून येते, दूध त्याच्याही मागून.
आणि या पांढऱ्यात नुसतं बियांचं लोणी, बी नाहीच.
त्यांनी पांढरी वडी उजेडात धरली.
"लग्नातल्या फोटोवानी हाये हे.
सगळं उजय. मानूस कुठी हाये?"
आणि काळ्यातलं एक घेऊन गेले, नातवासाठी म्हणे.
नातू पुण्यात असतो.

परवा रात्री लाइट गेली
आणि पहाटे परत आली, कुणाला न कळता.
सकाळी फ्रीज थंडगार, घुर्र करणारा.
इन्सुलिन पाण्यासारखं नितळ,
जसं काल होतं तसंच.
फक्त चॉकलेटांवर राख धरली होती.
वितळून, पुन्हा घट्ट होऊन,
लोणी वर येऊन बसलं होतं.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, औषध दिसतंय ना चांगलं?
म्हटलं, दिसतंय.
आणि सगळ्या बाटल्या बाजूला काढल्या.

काका आले तेव्हा रिकामा कप्पा दाखवला.
त्यांनी राखेवरून बोट फिरवलं, चाखलं.
"हे खाता येतं?"
हे येतं.
"आन् ते चांगलं दिसते, ते नाही?"
ते नाही. यावलहून मागवलंय, चारपर्यंत येईल.

आता एक चॉकलेट मी विकत नाही.
वरच्या कप्प्यात ठेवते, वेष्टण अर्धं सोलून.
शटर वर गेलं की गणपतीला उदबत्ती नंतर,
आधी त्याचं तोंड बघते.