आसन

राजारामपुरीत काचेमागं
एक डोकं नसलेली बाई उभी असते,
ट्रॅक पँट घालून, गुडघा जरा वाकवून.
तिची कंबर माझ्या मांडीएवढी.
मी आत गेले की पोरगं मोबाइलमधनं वर बघतं,
आधी मला, मग रॅककडं, मग परत मोबाइलकडं.
"तुमच्यात नाही येत, काकू."
तुमच्यात.
जणू आमची जातच वेगळी
आणि आमच्यात व्यायाम चालत नाही.

महाद्वार रोडला म्हणाले, फ्री साइझ आहे, सगळ्यांना बसतं.
पडद्यामागं ते गुडघ्यापाशी अडकलं.
काढताना एका पायावर ज्या उड्या मारल्या
तेवढाच त्या दिवशीचा व्यायाम.
तिसऱ्या दुकानातली मुलगी दबक्या आवाजात म्हणाली,
"जेन्ट्समध्ये बघता का? काळ्यात मिळेल."

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय:
रोज पाऊण तास भरभर चालणे.
त्याच चिठ्ठीतल्या गोळ्या कोपऱ्यावर मिळतात.
चालायचं कशात, ते चिठ्ठीत नाही.

म्हणून रंकाळ्यावर, उजाडायच्या आत, पंजाबी ड्रेसवर.
ओढणी सावरू की नाडी,
आणि संध्यामठ दिसेपर्यंत मांड्या घासून सोलवटलेल्या.
घरी येऊन खोबरेल लावते, पंखा पाचवर,
आणि ऑफिसात दिवसभर जपून बसते.

आप्पा माझे पैलवान होते.
एकशे बारा किलो.
मैदान मारून आले तेव्हा हलगी लावून आणलं गल्लीनं,
ओवाळताना बायका म्हणाल्या, काय अंग आहे, दृष्ट काढा.
त्यांच्या लंगोटाला साइझ नव्हती.
कापडाची लांब पट्टी,
ज्याचं जसं अंग, तसे वेढे.
माझी हाडं त्यांचीच. खांदे तर तंतोतंत.
बाराव्या वर्षी आई म्हणाली, ओढणी घे.
माझी दृष्ट कुणी काढली नाही.

तालमीच्या बोळात बाबालाल मुल्लाणी बसतात,
चाळीस वर्षं पैलवानांचे जांगे शिवतायत.
दोनदा दारावरनं पुढं गेले मी.
तिसऱ्यांदा त्यांनीच मशीन थांबवली.
"ज्ञानू पैलवानाची लेक न्हवं तू?"
होय म्हटलं.
"मग रस्ता का मोजालीस? आत ये."

सुनेला हाक मारली. स्वतः पाठ फिरवून
वही घेऊन बसले.
जैबुननं टेप टाकली आणि खणखणीत सांगत गेली,
कंबर अठ्ठेचाळीस, सीट छप्पन्न, मांडी बत्तीस,
मंडईत भाव सांगावा तशी.
मी खाली बघायची वाट बघत होते,
पण खाली बघावं असं काही घडलं नाही.
"आसन खोल ठिवतो," भिंतीकडं तोंड करून बाबालाल म्हणाले,
"जोर काढताना कापड आसनात फाटतंय, बाकी कुठं न्हाई."

कापड इचलकरंजीचं, ताणणारं.
रंग?
हे मला कुणी विचारलंच नव्हतं,
तयारी नव्हती.
बोळातनं कुणीतरी मिरच्यांचं पोतं नेत होतं.
म्हटलं, असा.
आणि खिसे दोन. खोल.

तिसऱ्या दिवशी उजवी शिवण उसवली,
नेमकी चौपाटीसमोर, भेळेच्या बंद गाड्यांपाशी.
हात तिथं दाबून धरला आणि फेरी पुरी केली,
कडेनं, लंगडल्यासारखी, हसू आवरत.
बाबालालनी शिवण बघितली, चष्मा वर केला.
"किती चाललीस?"
अख्खा रंकाळा.
"तरीच. डबल टीप मारतो."

आता ती गच्चीवर वाळतीय,
साडीखाली नाही,
पहिल्या दोरीवर, उन्हात, दोन्ही पाय पसरून.
वरच्या मजल्यावरची कुमुदिनी पापड उलटता उलटता म्हणाली,
कुठं शिवलीस गं? जावेला पाहिजे माझ्या.
पत्ता सांगितला. बोळ, डावा हात, निळं दार.
तिची जाऊ काडीसारखी आहे.
मी काही बोलले नाही.