कार्ड क्रमांक सात

वाशीला, दुसऱ्या मजल्यावर, एसीच्या खोलीत
मी लोकांना बोलायला शिकवते.
म्हणजे ज्यांचं बोलणं एका रात्रीत गेलं, त्यांना.

पदाजी मढवी, राहणार गोठिवली, वय एकाहत्तर.
मेंदूत गुठळी, उजवा हात लुळा, उजवं तोंड उतरलेलं.
मी चित्र धरते. ते शब्द शोधतात
चिखलात हात घालून चिंबोरी शोधावी तसे,
चाचपत, चावेल या भीतीनं.

होडी.
"हो… री."
मी फाइलीत लिहिते: ड चा र. चूक.
घोडा. "घोरा." चूक.
बाण. "बान." चूक.
रकाना भरत जातो आणि मला, खरं सांगते, बरं वाटतं.
आजार असा रांगेत सापडला की बरंच वाटतं.

भिंतीलगतच्या खुर्चीवरून चांगुणाबाई:
"बाय, होरीच हाय ती.
चालीस वर्सं खारीन घातली यानं.
बराबर तं बोललं."
मग डब्याचं झाकण उगाच घट्ट करत,
"तुमच्यासारकाच गोर बोलनारा सायब आलता,
जमीन मोजाला."

गोर म्हणजे गोड,
हे कळायला मला क्षणभर लागला.
ते कौतुक नव्हतं, हे कळायला आणखी थोडा.

मी दर्यापूरची. इथं कोणाला माहीत नाही.
पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात
"मले भूक लागून राहिली" म्हणाले
आणि मेसच्या टेबलावर पाच जणी हसल्या.
सहावीनं मायेनं विचारलं,
तुमच्याकडे वीज असते ना गं दिवसभर?
दिवाळीपर्यंत मी सगळं धुऊन काढलं.
ळ तर असा घासला
की आई फोनवर म्हणाली, कोन बोलून राहिलं व?

पेननं लिहिलेलं खोडता येत नाही.
चुकीवर गिरवून बरोबर केलं,
रकान्याची गिचमिड झाली.

कार्ड सात. डोळा.
"डो… ला," पदाजी म्हणाले,
आणि डोळा चित्रावर न ठेवता
माझ्या पेनवर ठेवला.
आमच्याकडे डोया म्हणतात, मी म्हणाले.
म्हणाले म्हणजे, निघेचना.
चौदा वर्षं न वापरलेला य,
जिभेला त्याची जागा सापडेना.
डो… डो…
मग निघाला एकदाचा, वाकडातिकडा.

त्यांचं डावं तोंड हसलं.
चांगुणाबाईंनी पदराआड म्हणून पाहिलं, "डोया! यी कंची भाषा?"
आणि पदाजी,
महिनाभर ज्यांच्या एका शब्दाला दुसरा चिकटला नव्हता,
म्हणाले,
"कंचे… गावची… तू?"

फाइलीत नोंद: तीन शब्द. जोडून. प्रश्नार्थक.
दर्यापूर, मी सांगितलं.
त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

चांगुणाबाईंनी मला नव्यानं, खालपासून वर, पाहिलं.
"तिकरं मासली खातान का?"