जड डबा

शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ती पोरगी म्हणाली,
कधीच नव्हतं.
आणि पिशवीतून कापसाची काडी काढून
भिसेंच्या दाराच्या चौकटीवर चोळू लागली,
जिथं रंगाचा पापुद्रा सुटलाय.

परभणीच्या कॉलेजातनं आलेली. नाव प्रणोती.
सेलूतली स्टेशनामागची गल्ली तिला नवी,
म्हणून मला सोबत घेतलं.
कोणत्या घराला कोणता रंग, किती हात, कोणत्या साली,
माझ्याइतकं कुणाला ठाऊक?
ही सगळी दारं माझ्याच ब्रशाखालून गेलीत.

हा पिवळा मला आठवतो.
लग्न होतं घरात. भिसे म्हणाले, बदामराव,
दार असं पायजे की हळद फिकी पडावी.
दुकानातला सगळ्यात जड डबा उचलला.
जड डबा म्हणजे चांगला रंग, उस्तादानं शिकवलेलं.
ब्रश दातात धरून शिडी चढायचो तेव्हा.

काडी आधी तशीच राहिली.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
मग टोकाला गुलाबी,
मग लाल पेरूच्या गरासारखी.

खिडकीच्या फळीवर दातांचे बारीक ठसे.
आमची पियू, सून हसत म्हणाली, उंदरासारखी कुरतडते,
गोड लागत असंल.
प्रणोती हसली नाही. वहीत लिहीत राहिली:
दार, चौकट, खिडकी, उंबऱ्याजवळची धूळ.
झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.
रंग खरडायला जाऊ नका.
आणि पोरीचं रक्त तपासून घ्या. याच आठवड्यात.

सुनेनं माझ्याकडं पाहिलं.
मी चपला शोधू लागलो.

करतं काय हे शिसं, रस्त्यात विचारलं.
पोट दुखतं, ती म्हणाली, भूक मरते,
लेकरू चिडकं होतं, पाढे डोक्यात राहत नाहीत...

पाढे.

माझा नागेश तेराच्या पाढ्याला अडकायचा.
तेरा चोक, आणि गप्प.
तेरा चोक, आणि मी ब्रश उलटा धरायचो, मुठीच्या बाजूनं.
पाळण्यात असताना तीच मूठ तो चोखायचा.

नक्की नाही सांगता येत, काका, ती म्हणाली,
इतक्या वर्षांनी कुणालाच नाही.

जाताना तिच्याकडून एक काडी मागून घेतली.
नागेश मोंढ्यातून आला. हमालीचे पैसे
दोनदा मोजले, मग माझ्या हातावर ठेवले,
तुमीच बघा.

माळ्यावर पाळणा आहे. हिरवा. मीच रंगवलेला.
शिडी लावून ठेवलीय
कालपासून.